तुमच्या नावाची फुलगाडी

सर,

गेल्या आठवड्यात कॉलेजात तुमची शोकसभा झाली. ती उशिरा सुरू झाली. वेळ कुठे वाया जातो हे शोधण्यात उभं आयुष्य घालवलेल्या माणसासाठी जमलेले सगळे लोक संचालकांची गाडी येईपर्यंत सभागृहात नुसते बसून होते. तुमच्या फोटोला हार घातला होता तो कापडी फुलांचा. फुलांच्या पुरवठ्यावर पेपर लिहून नाव कमावलेल्या माणसाला नाशकात एक खरा हार मिळाला नाही. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, हा धुऊन परत वापरता येतो." तुम्ही त्याला शाबासकी दिली असती.

भाषणं झाली. एकाने तुम्हाला संस्थेचा कणा म्हटलं. दुसऱ्याने पुरवठा साखळीतला सर्वांत मजबूत दुवा म्हटलं आणि टाळ्यांसाठी थांबला, मग शोकसभा आहे हे आठवून खाली बसला. मौन पाळताना एका विश्वस्ताचा मोबाइल वाजला. ते "हां, बोला" म्हणत बाहेर गेले आणि थेट चहाच्या वेळी परत आले. चहाबरोबर बटाटेवडे होते. सभागृहापेक्षा तिथे गर्दी जास्त होती.

तुमचं जन्मगाव, पदव्या, समित्या हे मी इथे लिहिणार नाही. ते कॉलेजनं गुळगुळीत कागदावर छापून वाटलंय. त्यात तुमच्याबद्दल एकही वाक्य खोटं नाही आणि तुम्ही कुठेही नाही.

मला तुमचा राग आलाय असं तुमच्या पत्नीला, आमच्या काकूंना, वाटतं. रागाला निदान बरोबरीचा माणूस लागतो. तुमच्याबद्दल मला गेली काही वर्षं वाटत आलंय ते त्याहून खालचं आहे. जो माणूस चूक ओळखण्याइतका हुशार असतो आणि ती बोलण्याइतका धीट नसतो, त्याच्याबद्दल जे वाटतं ते. हे तुम्हाला मी तोंडावर सांगितलं होतं, म्हणून आता लिहायला संकोच नाही.

आपली पहिली भेट आठवते का? मी सातपूरच्या कामगार वस्तीतली. अण्णा, म्हणजे माझे वडील, युनियनची पत्रकं लिहायचे. आई आणि मी जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. 'मालकांचा कावा ओळखा' हे मला बाराखडी पुरती येण्याआधी वाचता यायचं. अशा घरातली मुलगी मॅनेजमेंट कॉलेजात गेली म्हणून युनियनच्या कचेरीत अण्णांची थट्टा झाली. अण्णा म्हणाले, "शत्रूचं व्याकरण शिकायला पाठवलंय." पहिल्या तासाला तुम्ही प्रत्येकाला इथे का आलात असं विचारत होतात. मी तेच उत्तर दिलं. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत.

"उत्तम," तुम्ही म्हणालात. "मग पुढच्या बाकावर या. शत्रू हळू बोलतो, मागे ऐकू येत नाही."

त्या दिवसापासून तुम्ही मला पत्रकबाई म्हणू लागलात.

तुम्ही ऑपरेशन्स शिकवायचात. माल कुठून निघतो, कुठे अडतो, कुणाच्या हातात किती वेळ पडून राहतो. बाकीचे सर फळ्यावर चौकोन आणि बाण काढत. तुम्ही आम्हाला घोटीच्या भातगिरणीत नेऊन उभं करायचात आणि सांगायचात, आज काही लिहायचं नाही, फक्त एका पोत्याच्या मागे मागे फिरायचं. मला बघायला शिकवलं ते तुम्ही. अण्णांनी मला कोण चोर आहे ते सांगितलं होतं, चोरी नेमकी कुठल्या वळणावर होते ते तुम्ही दाखवलंत. हे ऋण मान्य करताना माझी लेखणी अडखळते आहे, पण ऋण आहे.

आणि तुमची ती रीत. ज्या माणसांवर लिहिलं, त्यांच्यासमोर बसून ते मराठीत वाचून दाखवायचं, मगच छापायला द्यायचं. जे त्यांना पटणार नाही ते एक तर काढायचं, नाहीतर त्यांचं म्हणणं खाली जोडायचं. दुसऱ्या कुठल्याच कॉलेजात असलं काही करत नसत. पाहुणे प्राध्यापक ऐकून हसायचे. आपल्या वसतिगृहाच्या मेसवर आम्ही प्रकल्प केला तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून सगळा वाचून दाखवला होता. पोळ्या करणाऱ्या मावशी लाटणं थांबवून म्हणाल्या, "आधी विंग्रजीत लिव्हायचं, मग मराठीत सांगायचं. सरळ मराठीतच लिव्हा की."

"मावशी, इंग्रजीत लिहिलं की पगार वाढतो."

"मंग आमचा पण विंग्रजीत लिव्हा!"

तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. पुढे मावशींच्या पगारासाठी मी पत्रक काढलं आणि संचालकांनी मला काढून टाकायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही त्यांच्या खोलीत जाऊन म्हणालात, "पत्रक फार वाईट लिहिलंय, ते मी सुधारून देतो. मुलगी राहू द्या." खरंच दिलंत. लाल शाईने. नऊ विशेषणं खोडली होती आणि समासात लिहिलं होतं, 'शिव्या कमी, हिशोब जास्त.' ते सुधारलेलं पत्रक मी पुन्हा वाटलं आणि मावशींचा पगार वाढला. अण्णांनी ते वाचून विचारलं, "हा माणूस आपला का नाही?" मी म्हटलं, होईल.

इतकी मूर्ख होते मी.

तुमचं नाव झालं ते ज्या पेपराने, तो मी तुमच्याकडे संशोधनाला लागल्यावर वाचला. पंचवटीतला घाटावरचा फुलबाजार. आजूबाजूच्या मळ्यांतून बाया झेंडू, शेवंती, गुलाब गाठोड्यात बांधून पहाटे यायच्या आणि गोदावरीच्या, आपल्या गंगेच्या, पायऱ्यांवर बसायच्या. व्यापारी उजाडल्यावर यायचे. मधला सगळा वेळ बाया नुसत्या बसून. तुम्ही हातात घड्याळ घेऊन हिवाळाभर तिथे उभे राहिलात, ते बसणं मोजलंत आणि त्याला प्रतीक्षावेळ म्हटलंत. उपाय सुचवलात की व्यापाऱ्यांच्या गाडीने मळ्याच्या बांधावरूनच फुलं उचलावीत. व्यापाऱ्यांनी गाडी घेतली. प्रतीक्षावेळ संपली. परदेशात परिषद झाली, पारितोषिक मिळालं, तुम्ही विभागप्रमुख झालात.

मी विचारलं, "हा कुठे वाचून दाखवला होता?"

"हा? कुणाला दाखवणार?" तुम्ही सहज म्हणालात. "यात माणसं कुठे आहेत? यात फक्त प्रतीक्षावेळ आहे."

हे वाक्य बोलायला माणूस फार शिकलेला असावा लागतो. पायऱ्यांवर शंभर बाया बसलेल्या दिसत असताना त्यांच्याऐवजी त्यांचं बसणं तेवढं उचलून आणायचं आणि माणसं तिथेच ठेवून यायची, हे कुणा अडाण्याला जमणार नाही.

आपण त्यावर किती भांडलो. पण माझ्या भांडणाने तुम्हाला काही फरक पडला नाही. फरक पडला तो सिंहस्थाच्या आदल्या दसऱ्याला. तुमच्या स्कूटरवर मागे बसून मी गंगेवर आले होते, कॉलेजातल्या पूजेसाठी झेंडू घ्यायला. पायऱ्या बऱ्याचशा रिकाम्या होत्या. एक म्हातारी बारीक फुलांची टोपली घेऊन बसली होती. तुम्हाला बघून तिचा चेहरा फुलला.

"आवं, घड्याळवाले सायेब! वळखलं का? मी हिराबाई."

तुम्ही ओळखलंत. नावानिशी ओळखलंत, हेही लिहिते.

"तुमच्यापायी लय सुख झालं बघा. आता थंडीवाऱ्याचं यावं लागत नाय. गाडी मळ्यात येती. ही बारकी फुलं गाडीवाल्यानं नाय घेतली, म्हून आज आले."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. कसं, पत्रकबाई? असं ते बघणं होतं. मग खुशीत येऊन तिला विचारलंत, "मोठ्या फुलाला काय भाव मिळाला?"

"गाडीवाला सांगंल तो."

"पण इथे काय चाललाय?"

"हितला मला काय ठाव? मी हितं येतीच कुठं आता? कुनीच येत नाय." आणि तिने ओंजळभर फुलं तुमच्या पिशवीत वर टाकली. "असू द्या. तुमच्याकडनं पैसं नाय घ्यायची."

तुम्ही पिशवी धरून उभेच राहिलात. परतताना पुलाच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी स्कूटर थांबवलीत. चहा गार झाला तरी प्यायला नाहीत.

"चुकलं," तुम्ही म्हणालात. "त्या बसण्यात भाव ठरत होता गं. कुणाकडे किती फूल निघालं, काल कोण भाव किती पाडून विकून गेली, आज कितीच्या खाली गाठोडं सोडायचं नाही. उजाडेपर्यंत सगळ्या एका भावावर यायच्या. मी तेवढंच काढून टाकलं."

सर, त्या क्षणी मला तुमचा अभिमान वाटला होता. ज्या पेपरावर तुमची सगळी इमारत उभी होती, त्याखालची वीट तुम्ही स्वतःच्या हाताने ओढलीत आणि तीही एका शिष्येसमोर. मी म्हटलं, "लिहा."

"लिहीन."

पुढे काय झालं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे आणि आता एकटीला मला. आधी तुम्हाला डेटा हवा होता. मग विद्यापीठाची समिती येऊन जायची होती. मग त्या पेपराचा आधार घेऊन दुसऱ्यांनी लिहिलं होतं, त्यांचं कसं होईल याची चिंता होती. मग संचालक दुखावले असते. प्रत्येक कारण वेगळं, नीटनेटकं, तर्कशुद्ध. तुमच्याच भाषेत सांगायचं तर तुमची कबुली गोदामात पडून राहिली आणि माल खराब होत गेला.

शेवटचं भांडण इंदिरानगरला तुमच्या घरी झालं. काकूंनी पोहे आणून ठेवले होते. मी तुम्हाला भित्रे म्हटलं. तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात.

"थंडीत त्या बाया कशा बसायच्या ते तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. ओल्या पायऱ्यांवर, पोटुशी बाई, अंगावर धडशी शाल नाही. ते थांबवलं हे पाप केलं मी? तुझ्या पत्रकात थंडी नसते!"

"आणि तुमच्या पेपरात बाई नसते," मी म्हटलं आणि पोह्यांना हात न लावता निघाले. काकू दारापर्यंत आल्या होत्या, तुम्ही आला नाहीत. थंडीचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. पुढच्या भेटीपर्यंत शोधून ठेवू असं ठरवलं होतं. पुढची भेट व्हायची राहिली.

आता शोकसभेत काय झालं ते सांगते. सगळ्यात शेवटी संचालक उठले आणि त्यांनी जाहीर केलं. तुमच्या स्मृतीसाठी पुतळा, ग्रंथालय असलं जुनाट काही न करता कॉलेज तुमचं काम पुढे नेणार आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनेशी बोलणं झालंय. आडगावकडच्या ज्या गावांतल्या बाया अजून फुलं घेऊन घाटावर येतात, त्या गावांसाठी नव्या गाड्या. गाड्यांवर तुमचं नाव आणि फोटो. गावकऱ्यांच्या संमतीच्या सह्या येत्या आठवड्यात. पडद्यावर गाडीचं चित्र आलं. पिवळ्या गाडीच्या दारावर तुम्ही हसत होतात.

मी उभी राहिले. म्हटलं, "हा उपाय चुकला असं सर स्वतः म्हणाले होते."

संचालकांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. माझ्याशी बोलले."

"मॅडम, सर तुम्हाला काय शिकवायचे? पुराव्याशिवाय विधान करायचं नाही, हेच ना?"

लोक हसले, सर. तुमच्या शोकसभेत, तुमच्याच वाक्यावर, माझ्यावर. पहिल्या रांगेत काकू खाली मान घालून बसल्या होत्या. जिन्यात त्यांनी माझा हात धरला. "माझ्याशीही बोलले होते गं ते. पण यांच्या पेन्शनचे सगळे कागद अजून कॉलेजच्या ऑफिसात अडकलेत. मी काय बोलू?" काकूंबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांना या जागी आणून बसवणारे तुम्ही. एक परिच्छेद लिहायचा होता तुम्हाला. काम नीट मांडायचं आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलंत आणि स्वतःचं सर्वांत गरजेचं काम एका विधवेच्या आणि एका तोंडाळ विद्यार्थिनीच्या अंगावर टाकून गेलात.

पत्रक काढावं असं आधी मनात आलं. विशेषणं तयार होती. मग वाटलं, तुमचीच राहिलेली रीत पुरी करावी.

परवा संध्याकाळी आडगावच्या बाजूला त्या गावांपैकी एका गावात गेले. दुसऱ्या दिवशी सह्या होत्या. मारुतीच्या मंदिरात बाया जमवल्या होत्या मंदाने. ती आपल्या मेसमधल्या मावशींची भाची, तिचा स्वतःचा गुलाबाचा मळा आहे. मी तुमचा पेपर उघडला आणि सरळ मराठीत सांगत गेले. प्रतीक्षावेळेपाशी आले तेव्हा मागून एकजण म्हणाली, "म्हंजी आपुन बसतो त्ये?"

"हो."

"आगं बया! आपल्या बसन्याला यवढं मोठं नाव!"

"माझी सासू तर लयच मोठी प्रतीक्षा करती मग, दिवसभर वट्ट्यावर!"

मंदिर दणाणलं. मीही हसले. मग हिराबाईचं सांगितलं. गाडीवाला सांगेल तो भाव, हे सांगितलं. हसू ओसरलं. मंदा म्हणाली, "पण ताई, थंडीचं काय? गाडी नको असं मी तरी म्हणणार नाय. मागच्या साली माझी आई त्या पायऱ्यांवरच पडली."

तुम्ही बोलत होतात तिच्या तोंडून.

मग जे सुरू झालं ते दोन्ही बाजूंनी एकदम. गाडी हवी. गाडी नको. गाडी हवी पण भाव घाटावर ठरू दे. घाटावर मग कोण जाणार, तू जाशील का? मी कशाला, तुझा दादला रिकामाच हाय, त्याला धाड. तो गेला तर भाव ऱ्हाईल बाजूला आन् पत्ते खेळून यील. कुणाचं कुणाला पटेना. सह्या उद्या द्यायच्या नाहीत एवढं मात्र ठरलं. आणि गाडी आलीच तर तिच्यावर फोटो नको, हेही. त्या चेहऱ्याला त्यांच्यातलं कुणी ओळखत नव्हतं.

मंदाने सरळ विचारलं, "त्या सरांना हे कळलं नव्हतं का, ताई?"

नव्हतं कळलं, असं म्हटलं असतं तर तुम्ही बिचारे विद्वान ठरला असतात. कळलं होतं याचा पुरावा तर तसाही नव्हता. मी म्हटलं, "कळलं होतं. सगळ्यांच्या आधी कळलं होतं."

"मग बोलले का नाय?"

बाया उठू लागल्या, मी कागद पिशवीत भरू लागले. एक आजी खांबाला टेकून बसली होती. ती तेवढी उठली नाही.

"वारला म्हनतीस न्हवं त्यो सर?"

"हो आजी."

"कसा व्हता मानूस?"

"भित्रा," मी म्हटलं.

तिने मला जवळ ओढून पदराने माझं तोंड पुसलं. "मंग रडती कशापायी?"